विकलेल्या अंगणाला पाणी

लेस्कोवात्स, ३ सप्टेंबर

यागोदा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. खाडाखोड दिसली तर दिसू दे. तुझ्यासाठी नवा कागद वाया घालवणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. तुझी लेक उचलते आणि म्हणते, "मावशी, आई बागेत गेलीये." लिन्झमध्ये तिसऱ्या मजल्यावर कसली बाग गं? पत्ता तिने नाताळात पाठवलेल्या कॉफीच्या खोक्यावर सापडला. खोकं मी बटणं ठेवायला जपून ठेवलं होतं. तुमच्या घरचं काही मी कधी टाकून दिलं नाही.

काल संध्याकाळी मी तुझ्या मिरच्यांना पाणी घालत होते. उन्हाळाभर घातलं. आधी तुझ्या वाफ्यांना, मग माझ्या, कारण तुझी माती लवकर सुकते आणि तू जाताना म्हणाली होतीस, "नातवाला दात येतायत, दोन महिन्यांत परत येते." म्हटलं, आली की हिला अंगण हिरवंगार दिसायला हवं. तर फाटक वाजलं आणि एक माणूस आत आला. गुळगुळीत दाढी, पायात पांढरे बूट. सरळ तुझ्या दाराला चावी लावली.

मी पाण्याची नळी त्याच्यावर धरली. "कोण रे तू? घर रिकामं बघून घुसतोस?"

"मावशी, मावशी, थांबा! भिजलो मी!"

"अजून भिजवीन! पोलिसांना बोलवू?"

"बोलवा. घर माझं आहे. जूनमध्ये घेतलं."

"जूनपासून तर मी इथे पाणी घालतेय!"

"हो, कळलं मला," तो बुटांकडे बघत म्हणाला. "आभारी आहे. पण कशाला एवढे कष्ट घेतलेत? सगळं उखडायचंच आहे."

त्याचं नाव रातोमिर. निशचा बिल्डर. तुझ्या जागेवर चार मजले बांधणार आहे. पायऱ्यांवर बसून बूट पुसता पुसता त्याने मला हे सगळं सांगितलं, आणि मी बावळटासारखी नळी हातात धरून ऐकत उभी राहिले. पाणी तुझ्या जिरेनियमवरून गटारात चाललं होतं. विकलेल्या अंगणाला मी अडीच महिने पाणी घातलं, यागोदा. तू मला फुकटची माळीण करून गेलीस.

गेल्या मित्रोवदानला, आमच्या घरच्या संताच्या सणाला, माझ्या टेबलाभोवती सगळी गल्ली बसली होती आणि प्रत्येकाने ग्लास उचलून सांगितलं होतं की कोणीही बिल्डरला घर द्यायचं नाही. ल्युपचोकाकाने सांगितलं, समोरच्या रूझाने सांगितलं. तुझा ग्लास सगळ्यांत वर होता. तुझा तो हात मला अजून दिसतो.

हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी थुंकून मोकळी झाले असते. पण तू माझी कूमा आहेस. माझ्या लग्नात साक्षीला तू उभी राहिलीस. माझ्या दालिबोरला नाव तू दिलंस, त्याचं जावळ तू कापलंस. आपल्यात सख्ख्या बहिणीशी भांडलेलं चालतं, कूमाशी नाही. तिला जाब विचारत नाहीत, तिच्या शब्दावर शंका घेत नाहीत. आणि बघ, तू माझ्यावर काय वेळ आणलीस. म्हातारपणी मी कूमाला जाब विचारतेय.

मधल्या कुंपणातलं आपलं छोटं दार मी आज खिळे मारून बंद केलं. एक खिळा वाकडा गेला. माझा तिहोमिर असता तर हसला असता.

माझी काळजी करू नकोस, करणार नाहीसच म्हणा. माझं घर कोणाच्या बापाला हलवता येणार नाही. तिहोमिर गेल्यावर कोर्टात मी माझा हिस्सा दालिबोरच्या नावावर सोडला तेव्हा तू बाकावर बसून माझ्या कोपराला चिमटे काढत होतीस. "निदान अर्धं तरी ठेव गं!" आता कळलं का? बिल्डर आला तर मी म्हणणार, जा, माझ्या लेकाला विचार. याहून पक्कं कुलूप कुठे मिळतं?

एकच विचारते. का? एका ओळीत लिही.

स्तामेना


लेस्कोवात्स, २२ सप्टेंबर

यागोदा,

ती एक ओळ काही आली नाही. मग मीच लिहिते.

गुरुवारी तुझं घर पाडलं. त्या दिवशी आम्ही मिरच्या भाजत होतो. शेगडी दरवर्षीसारखी माझ्या अंगणात, गल्लीतल्या सगळ्या बायका हात काळे करून बसलेल्या, आयवारच्या चटणीचं मोठं पातेलं तयार. आणि कुंपणापलीकडून तुझ्या भिंतींची धूळ येऊन मिरच्यांवर बसत होती. रूझा म्हणाली, "यंदाच्या आयवारमध्ये यागोदाची माती." कोणी हसलं नाही.

तुझा स्लॅब घातला तो दिवस आठवतो का? अख्खी गल्ली बादल्या घेऊन आली होती. कोणाला बोलवावं लागलं नाही, स्लॅबला बोलावतात का कधी? दालिबोर माझ्या पोटात होता आणि मी घमेल्याएवढ्या भांड्यात सगळ्यांसाठी राजमा शिजवत होते. तुझा वोया शिडीवरून ओरडत होता, "सावकाश रे, माझ्या पोरांच्या डोक्यावर येणारंय हे!" त्या स्लॅबने मशीनला दुपारपर्यंत दाद दिली नाही. मशीनवाला म्हणाला, "काय घातलंय यात?" ल्युपचोकाका म्हणाला, "माणसं." आणि आत निघून गेला. मला वाटतं रडायला गेला.

गल्लीत तुझं नाव आता कसं घेतात ते सांगू? घेतच नाहीत. 'ती' म्हणतात. रूझाने तुझा फोटो भिंतीवरून काढला, तो जत्रेतला, ज्यात आपण तिघी एका घोड्यावर आहोत. ल्युपचोकाका म्हणाला की तू कधी आलीस तर तो तुला कॉफी देईल, पण बसायला सांगणार नाही. हे सगळं मी केलं. घरोघर जाऊन सांगितलं, काहीही लपवलं नाही. केसाने गळा कापलास तू, आणि लोकांना कळायला नको?

दालिबोर निशहून मदतीला आला होता. पोती उचलली, सरपण फोडलं. बोलला मात्र कमी. तुझं घर पडत होतं तेव्हा कुंपणाशी जाऊन कितीतरी वेळ उभा राहिला. हळवा आहे, बापावर गेलाय. तुला त्याची कूमा म्हणून किती मानतो, त्याला किती लागलं असेल! मी रडायला लागले तर म्हणाला, "आई, सोड ना. तिचं तिच्यापाशी."

"सोडू कसं? मी पत्र लिहिलंय तिला."

"पत्र? कशाला लिहिलंस? आता नको लिहूस. कशाला कमीपणा घेतेस?"

बघ, तू जावळ कापलेलं पोर माझ्या मानाची काळजी करतंय, आणि तू!

रातोमिरची माणसं माझ्या कुंपणाच्या आतही फीत धरून मोजमाप करत होती. मी झाडू घेऊन धावले. म्हणाले, चुकून.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

स्तामेना


लिन्झ, १४ ऑक्टोबर

स्तामेना,

शिव्या माग, मिळतील. थांब.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली आणि वाटलं, या बाईने नाटकात जायला हवं होतं. कापडगिरणीत उगाच हात झिजवले. पण तू लिहिलंयस की मी गल्लीत तोंड दाखवू नये असं तू केलंस, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून एकदाच लिहिते.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दालिबोर माझ्याकडे आला. हातात लाल अंडं, तोंडात साखर. बसला, राकियाचा पेला घेतला आणि म्हणाला, "कूमा, आईने घर द्यायचं ठरवलंय. रातोमिरला दोन्ही जागा एकदम हव्यात. आईला तुला सांगायची लाज वाटते, गेल्या वर्षी ग्लास उचललाय ना. तिच्यासमोर विषय काढू नकोस, ती मोडून पडेल."

मी म्हटलं, स्तामेना? शक्य नाही. तो म्हणाला, कूमा, मी तुझ्याशी खोटं बोलेन?

आता मी काय करायला हवं होतं, सांग. कुंपणातून डोकं घालून तुला विचारायचं होतं की तुझा मुलगा खरं बोलतो का? ज्याला मी नाव दिलं त्याचा शब्द मी त्याच्या आईकडे तपासायला नेऊ? आपल्यात असं कोणी केलंय? मी वाट बघितली. रोज सकाळी तू कॉफी घेऊन यायचीस आणि मी म्हणायचे, आज सांगेल. तू टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलायचीस.

तू जाणार, मग त्या चार मजल्यांच्या सावलीत मी एकटी कोणासाठी बसू? वोयासाठी? तो तर स्मशानात आहे. मी सही केली.

बस सुटताना तू मला मिरच्यांच्या बरण्या दिल्यास आणि म्हणालीस, "लवकर ये गं, तुझ्याशिवाय करमत नाही." तेव्हा मी मनात म्हटलं, काय पोहोचलेली बाई आहे! चावीही तूच मागून घेतलीस. म्हटलं, करते आहेस ना नाटक, मग कर. मीही करते. दोन महिन्यांचं आणि नातवाच्या दातांचं मी बोलले, ते त्याच रागात.

तुझ्या पत्रातला नळीचा प्रसंग वाचून माझी लेक म्हणाली, "आई, ही बाई नाटक नाही करत." तेव्हापासून मला झोप नाही.

तू खरंच काही ठरवलं नव्हतंस का? नसशील, तर माझ्यासाठी एक कर. जी माती तू घरोघर वाटलीस ती तूच गोळा कर. मित्रोवदानला सगळी गल्ली तुझ्याकडे जेवायला येते. सगळ्यांसमोर एवढं म्हण : यागोदाने आपल्याला फसवलं नाही, तिला फसवलं गेलं. एवढंच. कोणी फसवलं ते सांगू नकोस वाटल्यास. लोक काय ते समजतील.

मी घर गमावलं ते सहीने, ते ठीक. नाव मी कुठे सही करून दिलेलं नाही.

यागोदा


लेस्कोवात्स, ९ नोव्हेंबर

यागोदा, माझी यागोदा,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचून मी हसले. दुसऱ्यांदा वाचून तुला शिव्या घातल्या. मग ते पिठाच्या डब्यात ठेवलं आणि पीठ काढायचं टाळायला लागले.

दालिबोरला विचारलं नाही. त्याचा फोन आला की तोंड उघडायचे आणि विचारायचे, "मित्रोवदानला सारमा कोबीचा करू की द्राक्षाच्या पानाचा?" म्हटलं, सणाला येईल, तोंडाने सांगेल. खोटं असेल तर तूच खोटी पडशील, आणि मी देवाकडे तेच मागत होते. लपवत नाही. तू खोटी पडावीस म्हणून मी मेणबत्ती लावली.

काल सकाळी प्रसादाच्या गोड गव्हात अक्रोड कुटून घालत होते. कोणी यायची वेळ झाली नव्हती आणि दार वाजलं. रातोमिर. हातात कॉफीचा पुडा आणि वाइनची बाटली, अगदी रीतसर. "मावशी, स्लावा सुखाची जावो!"

आता काय करशील? स्लावाच्या सणाला कोणाला बोलवत नाहीत आणि आलेल्याला परत पाठवत नाहीत. तिहोमिरने एकदा आपल्याला कोर्टात खेचणाऱ्या माणसाला सारमा वाढला होता. मी बसवलं त्याला. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू घेतला, म्हणाला, "वा! आईच्या हातची आठवण झाली." मग म्हणाला, "मावशी, घाई नाही हं. वसंतापर्यंत राहा खुशाल. मी काही राक्षस नाही."

"कुठे राहू?"

"इथेच. तुमच्या... म्हणजे घरात." त्याचा चमचा थांबला. "दालिबोरने सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "सांगितलं, सांगितलं. वय झालं, विसरते."

असं का म्हटलं ते मला माहीत नाही. तोंडातून आलं. त्याला बरं वाटलं आणि तो सुटलाच. तुझं कौतुक करायला लागला. "तुमची कूमा फार खमकी. पैशाचं काही बोलेना. 'स्तामेनाचा होकार आहे का' हेच धरून बसली. मग दालिबोरने माझ्यासमोर तुमची शपथ घेतली तेव्हा कुठे सही केली बाईने."

माझी शपथ, यागोदा. माझ्या जिवाची.

मी त्याला आणखी एक चमचा गहू वाढला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्याला वाढत खाल्ला. बाकीचे यायच्या आत तो निघाला. दारात वाकून माझ्या हाताची पापी घेतली.

मी खुर्चीवर बसले आणि ठरवलं. घर गेलं ते गेलं, ते मीच लेकाच्या खिशात घातलं होतं. पण यागोदाचं वाक्य आज बोलायचं. सगळे असतील, कोलाच, सणाचा गोल पाव, फिरवताना सगळ्यांचे हात त्याच्यावर असतील, तेव्हाच. पाठ केलं मी ते. यागोदाने आपल्याला फसवलं नाही, तिला फसवलं गेलं. ताटं पुसताना म्हटलं, काकडी कापताना म्हटलं.

दालिबोर आला, बायको-पोरं आली. त्याने मेणबत्ती लावली, बापाची ती जागा आता त्याची. अंगात नवा सदरा. धाकटी माझ्या कमरेला मिठी मारून, "आजी, अक्रोडाचा केक कुठाय?" मग ल्युपचोकाका आला, रूझा आली, सगळी गल्ली आली. तुझ्या खुर्चीवर कोणी बसेना. शेवटी रूझाने तिच्यावर कोट टाकले.

कोलाच आणला. सगळे उभे राहिले. एका बाजूला दालिबोर, समोर मी, मधून लोकांचे हात. आपण गोल फिरवतो तसा फिरवायला लागलो, बाकीचे गात होते. मी पुढे झुकले आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "दालिबोर, कूमाजवळ माझी शपथ घेतलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कोलाचवर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, हे त्याला तूच शिकवलंस, आठवतंय, एवढासा होता तेव्हा. तो खोटं बोलला नाही. त्याने हात काढून घेतला.

गाणं थांबलं. घराच्या मालकाने कोलाच सोडला, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. ल्युपचोकाका म्हणाला, "काय झालं रे पोरा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो पांढराफटक. त्याची धाकटी पायाशी उभी राहून वर बघत होती. आणि तुझं वाक्य माझ्या तोंडात होतं, यागोदा. खरंच होतं.

मी म्हटलं, "गरम आहे. हात भाजला त्याचा."

कोलाच पहाटे भट्टीतून काढला होता. ल्युपचोकाकाचा हात त्याच्यावरच होता. त्याला कळलं. रूझा म्हणाली, "त्या बाईची हाय लागली या घराला, दुसरं काय!" आणि माना हलल्या, आणि मी पण... मी मान हलवली नाही, पण खालीही घातली नाही. सारमा वाढायला घेतला.

आपलेच दात, आपलेच ओठ. असं म्हणून मी स्वतःची समजूत काढणार होते. निघत नाही. तुझं ज्याने नाव घालवलं तो माझा मुलगा आहे, आणि ज्या एका वाक्याने ते परत आलं असतं ते गिळणारी मी. काल सकाळपर्यंत मला वाटायचं, फसवलं गेलेल्यांच्या रांगेत मी एकटीच आहे. आता त्या रांगेत तू आहेस आणि मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिलेय.

गल्ली गेल्यावर त्याने बाह्या सरसावून भांडी धुतली. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझ्यासाठी खोली ठेवलीय, दक्षिणेकडची, ऊन येतं. तुझं आलुबुखाराचं झाड होतं तिथे. मग हात पुसून माझ्याजवळ आला, माझ्या केसांवर ओठ टेकवले आणि म्हणाला, "मला माहीत होतं आई, तू बोलणार नाहीस."

त्याला माहीत होतं, यागोदा. ईस्टरला लाल अंडं घेऊन तुझ्या दारात आला तेव्हापासून त्याला माहीत होतं. मला कालपर्यंत नव्हतं.

स्तामेना